सुवाह्य संगीतयंत्र आणि गिटार ॲम्प्लिफायर यांची जोडणी

वॉकमन, एमपीथ्री प्लेअर, आयपॉड किंवा मोबाइल फोन यांसारख्या सहज बाळगता येणाऱ्या यंत्रातील ध्वनिमुद्रित संगीत विद्युत् गिटारसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरमधून ऐकण्याची व्यवस्था म्हणजे सुवाह्य संगीतयंत्र आणि गिटार ॲम्प्लिफायर यांची जोडणी होय. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर गिटारचा सराव करणे, हा या जोडणीचा मुख्य हेतू असतो. घरात वेगळी ध्वनिव्यवस्था नसल्यास केवळ गाणी ऐकण्यासाठीही ती केली जाते.

जोडणी दिसायला सोपी असली, तरी ही दोन उपकरणे एकमेकांसाठी बनवलेली नसतात. गिटार ॲम्प्लिफायर, म्हणजे वादकांच्या बोलीतील ‘ॲम्प’, हा आलेला ध्वनी जसाच्या तसा मोठा करणारा तटस्थ विवर्धक नसून तो वाद्याचाच एक भाग असतो. गिटारचा क्षीण संकेत मोठा करताना तो त्या संकेताला विशिष्ट नादगुण देतो. तयार संगीत त्याच वाटेने नेल्यास त्याचाही नादगुण बदलतो. त्यामुळे संगीतयंत्र ॲम्पच्या कोणत्या छिद्रात जोडले, कोणती केबल वापरली आणि ती कोणत्या क्रमाने जोडली, यांवर ध्वनीचा दर्जा आणि काही अंशी वादकाची सुरक्षितताही अवलंबून असते.

पार्श्वभूमी

विद्युत् गिटार आणि तिचा ॲम्प १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बाजारात आले. वाद्यवृंदात पितळी सुषिर वाद्ये आणि ढोल यांच्या आवाजापुढे गिटार ऐकू येत नसे. ही अडचण दूर करणे हा त्यांचा उद्देश होता. त्या काळच्या अनेक ॲम्पना एकापेक्षा अधिक प्रवेशछिद्रे असत. १९५० च्या दशकातील फेंडर कंपनीच्या काही ॲम्पवर वाद्यांसाठी आणि मायक्रोफोनसाठी स्वतंत्र छिद्रे दिलेली आढळतात. एकाच पेटीतून दोन स्रोतांचा आवाज काढण्याची गरज अशी जुनीच आहे.

ध्वनिमुद्रित संगीताबरोबर घरी वाजवण्याच्या सवयीला सुवाह्य यंत्रांमुळे चालना मिळाली. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. दोघांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून त्याला हेडफोनची दोन छिद्रे होती. ३.५ मिलिमीटर व्यासाच्या स्टिरिओ प्लगचा प्रसार मुख्यतः अशा यंत्रांमुळे झाला. १९८२ मध्ये ‘बॉस्टन’ या रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक व अभियंता टॉम शोल्झ यांच्या कंपनीने ‘रॉकमन’ हा कमरेला लावण्याजोगा हेडफोन ॲम्प आणला. त्यात बाहेरील यंत्राचे संगीत गिटारच्या आवाजात मिसळण्याची सोय होती.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने आयपॉड जाहीर केला आणि शेकडो गाणी एका खिशात मावू लागली. पुढे सरावासाठीच्या लहान ॲम्पवर संगीतयंत्रासाठी वेगळे छिद्र देण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ मध्ये आयफोन ७ या फोनमधून हेडफोनचे छिद्र वगळले गेले व त्यानंतर अनेक कंपन्यांनी तेच धोरण स्वीकारले. अशा फोनसाठी आता मध्यस्थ अडॅप्टर किंवा ब्लूटूथ वापरावे लागते.

दोन उपकरणांतील फरक

संकेताची पातळी

गिटारच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तार कंप पावली की वेटोळ्यात अल्प विद्युत् दाब निर्माण होतो. सर्वसाधारणपणे तो व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. जोरदार आघाताच्या क्षणी काही पिकअपमध्ये तो एक व्होल्टपर्यंतही जातो. उलट संगीतयंत्राचा हेडफोन निर्गम आवाज वाढवलेला असताना सतत अर्धा ते एक व्होल्ट दाब देऊ शकतो. घरगुती ध्वनियंत्रांमधील ‘लाइन’ पातळी सुमारे ०.३ व्होल्ट मानली जाते. म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याला जो संकेत क्षीण असेल अशी अपेक्षा असते, तो संगीतयंत्राकडून बराच सबळ होऊन येतो. परिणामी पहिला टप्पाच ओसंडतो आणि आवाज फाटतो.

संरोध

पिकअपच्या वेटोळ्याचा रोध साधारण ५ ते १५ किलोओहम असतो. वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वामुळे उच्च स्वरांना तिचा संरोध आणखी वाढतो. अशा स्रोतावर भार पडू नये म्हणून गिटार ॲम्पचा प्रवेश संरोध फार मोठा, बहुधा १ मेगाओहमच्या आसपास ठेवतात. संगीतयंत्राचा निर्गम काही ओहमांचाच असतो, कारण त्याला १६ किंवा ३२ ओहमांचे हेडफोन चालवायचे असतात. कमी संरोधाचा स्रोत मोठ्या संरोधाच्या प्रवेशाला जोडण्यात विद्युत्‌दृष्ट्या कोणताही धोका नसतो. संरोध जुळत नाही म्हणून यंत्र बिघडते हा समज या जोडणीपुरता निराधार आहे. खरी अडचण पातळीची आणि वाहिन्यांच्या संख्येची असते.

वाहिन्या

संगीतयंत्र डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्यांचा स्टिरिओ संकेत देते. गिटारचा संकेत एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो असतो आणि बहुसंख्य गिटार ॲम्पही मोनोच असतात. १९७५ मध्ये आलेला रोलंड कंपनीचा जेसी–१२० यांसारखे दोन स्वतंत्र शक्तिवर्धक असलेले ॲम्प हे अपवाद होत.

स्वरपट्टा

सहा तारी गिटारच्या सर्वांत खर्जाच्या तारेची मूल वारंवारिता सुमारे ८२ हर्ट्झ असते. सर्वांत बारीक तारेवरील चोविसाव्या पडद्याचा स्वर सुमारे १,३१९ हर्ट्झचा असतो. त्यावरील अधिस्वर धरले, तरी सुमारे ५,००० हर्ट्झपलीकडे गिटारला फारसे काही लागत नाही. त्यामुळे गिटार ॲम्पमधील १० किंवा १२ इंची स्पीकर साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ या मर्यादेतच कार्यक्षम असतात आणि उच्च स्वरांसाठी वेगळा लहान स्पीकर बसवलेला नसतो. माणसाच्या श्रवणाचा पट्टा २० ते २०,००० हर्ट्झ मानला जातो आणि ध्वनिमुद्रित संगीत तो बहुतांश व्यापते.

प्लग आणि जॅक

गिटारच्या केबलला ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच व्यासाचा प्लग असतो. हा प्लग मूळचा एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमधला. संगीतयंत्राला ३.५ मिलिमीटरचा प्लग लागतो. प्लगवरील काळ्या किंवा पांढऱ्या वलयांवरून त्याचा प्रकार ओळखता येतो:

• एक वलय: दोन संपर्क. टोक संकेताचे, उरलेला दांडा सामाईक तारेचा. गिटारची केबल या प्रकारची असते.
• दोन वलये: तीन संपर्क. टोक डाव्या वाहिनीचे, मधली कडी उजव्या वाहिनीची, दांडा सामाईक तारेचा. हेडफोनचा प्लग या प्रकारचा असतो.
• तीन वलये: चार संपर्क. चौथा संपर्क फोनच्या मायक्रोफोनसाठी असतो.

तीन संपर्कांचा प्लग दोन संपर्कांच्या छिद्रात घातल्यास मधली कडी सामाईक तारेला टेकते. त्यामुळे उजवी वाहिनी थेट सामाईक तारेशी जोडली जाऊन तिचे लघुमंडल होते. ॲम्पमधून डावी वाहिनीच तेवढी ऐकू येते आणि संगीतयंत्रातील उजवा वर्धक विनाकारण प्रवाह देत राहतो. अनेक यंत्रांत यासाठी संरक्षक योजना असते, तथापि तिच्यावर विसंबून राहू नये. बाजारात मिळणारा केवळ आकार बदलणारा अडॅप्टर ही अडचण दूर करत नाही. प्लग छिद्रात बसला म्हणजे जोडणी योग्य झाली, असे होत नाही.

जोडणीचे मार्ग

ऑक्स प्रवेश

ॲम्पवर ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘एमपीथ्री’ असे लिहिलेले छिद्र असल्यास तेच वापरावे. या वाटेने आलेला संकेत गिटारच्या पूर्ववर्धकाला आणि स्वरनियंत्रणांना वळसा घालून पुढे मिसळला जातो. त्यामुळे गिटारचा आवाज कितीही फाटका ठेवला, तरी सोबतचे संगीत स्वच्छ राहते. दोन्ही वाहिन्यांचे एकत्रीकरण आतच होत असल्याने दोन्ही टोकांना तीन संपर्कांचा प्लग असलेली साधी केबल पुरते. बहुतेक लहान ॲम्पवर या प्रवेशासाठी वेगळी कळ नसते. संगीताची पातळी संगीतयंत्रावरूनच कमीजास्त करावी लागते.

इफेक्ट्स लूपचा परतीचा प्रवेश

मध्यम व मोठ्या ॲम्पच्या मागील बाजूस ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतात. पूर्ववर्धकातून बाहेर पडलेला संकेत प्रतिध्वनी वगैरे देणाऱ्या उपकरणाकडे पाठवून शक्तिवर्धकात परत आणण्यासाठी ती असतात. ‘रिटर्न’मध्ये संगीतयंत्र जोडल्यास पूर्ववर्धक टळतो व आवाज बराच स्वच्छ येतो. मात्र येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. लूप एकसर प्रकारची असल्यास ‘रिटर्न’मध्ये प्लग घालताच गिटारचा मार्ग तुटतो आणि केवळ संगीत ऐकू येते, सोबत वाजवता येत नाही. समांतर लूपमध्ये दोन्ही ऐकू येतात. दुसरे असे, की काही ॲम्पमध्ये मुख्य आवाजाची कळ ‘रिटर्न’च्या आधी असते. तेथे संगीतयंत्राचा आवाज शून्यावर न ठेवता केबल जोडल्यास स्पीकर एकदम पूर्ण शक्तीने वाजू शकतो.

गिटारचा मुख्य प्रवेश

इतर कोणतेही छिद्र नसेल, तरच हा मार्ग स्वीकारावा. ‘गेन’ अगदी कमी ठेवावा, विरूपणाची वाहिनी बंद करावी आणि संगीतयंत्राचा आवाज थोडाच उघडावा. ॲम्पला उच्च आणि नीच संवेदनशीलतेची दोन छिद्रे असल्यास नीच छिद्र वापरावे. फेंडर पद्धतीच्या ॲम्पमध्ये तेथे संकेत सुमारे निम्मा होतो. अनेक ॲम्पच्या स्वरनियंत्रणांची रचनाच मधले स्वर दाबणारी असते. म्हणून ‘मिडल’ पूर्ण वाढवून ‘बास’ व ‘ट्रेबल’ कमी ठेवल्यास संगीत अधिक नैसर्गिक वाटते.

ब्लूटूथ

आधुनिक सराव ॲम्पमध्ये ब्लूटूथची सोय असते. ब्लूटूथने येणारा ध्वनी सर्वसाधारणपणे १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सोबतचे संगीत उशिरा आले, तरी वादक जे ऐकतो त्याच्याच लयीत वाजवतो, म्हणून सरावात बाधा येत नाही. गिटारचा स्वतःचा आवाज मात्र ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकू नये. बोट आणि स्वर यांत पडणारे अंतर लय बिघडवते.

जोडू नयेत अशी छिद्रे

‘स्पीकर’, ‘एक्स्टेन्शन’, ‘लाइन आउट’ आणि ‘फोन्स’ ही छिद्रे बाहेर जाणाऱ्या संकेताची असतात. विशेषतः स्पीकरच्या छिद्रावर कित्येक व्होल्टचा दाब असतो व तो संगीतयंत्र कायमचे निकामी करू शकतो. पाव इंची प्लग या सर्व छिद्रांत सारखाच बसतो; म्हणून आकारावर न जाता छिद्रावरील अक्षरे वाचावीत.

दोन वाहिन्यांचे एकत्रीकरण

मोनो छिद्रात स्टिरिओ संगीत नेण्यासाठी डाव्या व उजव्या तारा एकत्र पिळून जोडण्याची युक्ती अनेक जण करतात. ती सदोष आहे. दोन वाहिन्यांवर भिन्न संकेत असतात. एक वर्धक दाब वाढवू पाहतो त्याच क्षणी दुसरा तो कमी करू पाहतो. दोघांचाही निर्गम संरोध अल्प असल्याने त्यांच्यामध्ये मोठा प्रवाह वाहतो, आवाज विरूप होतो आणि बॅटरी लवकर उतरते.

योग्य रीत म्हणजे प्रत्येक वाहिनीच्या मार्गात एक रोधक घालून नंतर त्या एकत्र करणे. सुमारे १ किलोओहमचे दोन सारखे रोधक पुरतात. डाव्या तारेतील आणि उजव्या तारेतील रोधकाची पुढील टोके एकत्र सोल्डर करून पाव इंची प्लगच्या टोकाला जोडतात. सामाईक तार दांड्याला जोडतात. ॲम्पचा प्रवेश संरोध १ मेगाओहम असल्याने त्याच्यापुढे १ किलोओहमाचा अडथळा नगण्य ठरतो. मिळणारा संकेत दोन्ही वाहिन्यांची सरासरी असतो. रोधक प्लगच्या धातूच्या टोपणात मावतात. बाजारातील तयार ‘स्टिरिओ ते मोनो’ केबल घेताना तिच्यात असे रोधक आहेत की तारा नुसत्याच जोडल्या आहेत, याची चौकशी करावी.

अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये श्रवणसुलभतेच्या सेटिंगखाली ‘मोनो’ ध्वनीचा पर्याय असतो. तो निवडल्यास दोन्ही वाहिन्यांवर पूर्ण गाणे येते. मग केवळ डावी वाहिनी ॲम्पकडे नेली तरी चालते. उजवी तार मात्र मोकळी सोडावी, सामाईक तारेला टेकवू नये.

काही ध्वनिमुद्रणांत एखादे वाद्य दोन्ही वाहिन्यांवर परस्परविरुद्ध कलेत ठेवलेले असते. मोनो केल्यावर ते क्षीण होते किंवा नाहीसे होते. हा केबलचा दोष नव्हे.

जोडणीचा क्रम

१. ॲम्प बंद असताना किंवा त्याचा मुख्य आवाज शून्यावर असताना केबल जोडावी.
२. संगीतयंत्राचा आवाज शून्यावर आणावा. यंत्रातील इक्वलायझर व बास वाढवणाऱ्या सोयी बंद कराव्यात.
३. केबलचे टोक आधी ॲम्पमध्ये, मग संगीतयंत्रात घालावे. प्लग शेवटपर्यंत बसल्याची खात्री करावी.
४. ॲम्प सुरू करून त्याचा आवाज किंचित वाढवावा.
५. संगीत सुरू करून संगीतयंत्राचा आवाज सावकाश वाढवावा. ऑक्स प्रवेशावर तो निम्म्याच्या पुढे न्यायला हरकत नाही. गिटारच्या प्रवेशावर आवाज फाटू लागताच थांबून थोडा मागे घ्यावा.
६. गिटार जोडून तिची पातळी संगीताशी जुळवावी. स्वतःची गिटार सोबतच्या संगीतापेक्षा किंचितच वर असावी. फार वर असल्यास लयीतील चुका ऐकू येत नाहीत.
७. केबल काढण्यापूर्वी दोन्ही आवाज पुन्हा शून्यावर आणावेत.

संकेत चालू असताना प्लग ओढल्यास मोठा ‘धप्प’ आवाज होतो व त्या क्षणिक धक्क्याने स्पीकरच्या पडद्याला इजा होऊ शकते.

ध्वनीचा दर्जा

सर्व जोडण्या अचूक केल्या, तरी गिटार ॲम्पमधून संगीत थोडे कोंडलेले ऐकू येते. झांज, टाळ, मंजिरी आणि शब्दांतील ‘स’सारखी व्यंजने यांच्या ध्वनीचा बराच भाग ५,००० हर्ट्झच्या वर असतो. तो भाग स्पीकर जवळजवळ गाळून टाकतो. खालच्या बाजूला बास गिटारच्या सर्वांत जाड तारेची मूल वारंवारिता सुमारे ४१ हर्ट्झ असते. तीही पुरेशी उमटत नाही. मागून उघड्या असलेल्या पेटीत खर्ज आणखी क्षीण होतो, कारण पडद्याच्या पुढील व मागील लहरी एकमेकींना छेदतात.

हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याने फोनमधील तानपुरा ॲप अशा ॲम्पला जोडल्यास हा फरक विशेष जाणवतो. पुरुषगायकाचा षड्ज काळी एक धरल्यास तो सुमारे १३९ हर्ट्झ आणि तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ येतो. म्हणजे खर्जाचा मूल स्वर स्पीकरच्या मर्यादेच्या खाली राहतो. तानपुऱ्याची जवारी ही उच्च अधिस्वरांच्या दाट मालिकेतून निर्माण होते. तिचा वरचा भाग कापला जाऊन झंकार बोथट होतो. स्वर धरण्यापुरता हा तानपुरा उपयोगी पडतो, कारण मधले अधिस्वर शाबूत असतात आणि त्यांवरून कान मूल स्वर ओळखतो. तबल्याचे दाहिन्यावरील बोल बरे उमटतात, पण बाँयाची घुमक उणी पडते.

पूर्ण स्वरपट्ट्याचे स्पीकर असलेले सराव ॲम्प ही त्रुटी भरून काढतात. त्यांत गिटारच्या स्पीकरचा नादगुण संगणकीय प्रक्रियेने तयार केलेला असतो आणि संगीत त्या प्रक्रियेबाहेरून जाते. यामाहा कंपनीची २०११ मधील टीएचआर मालिका हे याचे उदाहरण होय.

गुणगुण आणि भूसंपर्कन

संगीतयंत्र बॅटरीवर चालत असताना स्वच्छ असणारा आवाज चार्जर लावताच गुणगुणू लागतो, असा अनुभव अनेकदा येतो. त्याची कारणे दोन. भारतात घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. तीन पिनांच्या चार्जरवरील लॅपटॉप आणि तीन पिनांचा ॲम्प यांना केबलने जोडल्यास भूसंपर्काच्या तारेचे बंद वेटोळे तयार होते आणि त्यात ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतील स्वर उमटतात. दोन पिनांच्या मोबाइल चार्जरमध्ये असे वेटोळे होत नाही, पण त्याच्या आतील जलद स्विचिंगमुळे किणकिण किंवा खरखर केबलमध्ये शिरते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरावाच्या वेळी यंत्र बॅटरीवर चालवणे. ते शक्य नसल्यास दोन्ही उपकरणांना एकाच बोर्डातून वीज द्यावी किंवा केबलच्या मार्गात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ घालावा. या छोट्या डबीत दोन रोहित्रे असतात. त्यांतून ध्वनिसंकेत चुंबकीय मार्गाने पुढे जातो, पण तारांचा थेट संबंध तुटतो.

गुणगुण थांबवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची भूसंपर्काची पिन कापणे, तिच्यावर चिकटपट्टी लावणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर वापरणे हा उपाय नव्हे. त्याने गुणगुण थांबते हे खरे, परंतु वादकाचे संरक्षणही त्याबरोबर नाहीसे होते.

सुरक्षितता

विद्युत् गिटारच्या धातूच्या तारा घोडीमार्गे आणि केबलच्या सामाईक तारेमार्गे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. त्यामुळे वादकाचा हात सतत त्या सांगाड्यालाच लागलेला असतो. संगीतयंत्र जोडल्यावर त्याचे धातूचे आवरण आणि हेडफोनच्या छिद्राची कडाही बहुधा त्याच मंडलात येतात. ॲम्पमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर भूसंपर्काच्या तारेतून मोठा प्रवाह वाहून फ्यूज जातो. ती तार नसल्यास तोच प्रवाह वादकाच्या शरीरातून वाट काढतो.

हा धोका काल्पनिक नाही. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्यू झाला. ‘द यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ यांचा १२ मे १९७६ रोजी स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. दुसरी घटना घरातील आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भारतीय तीन पिनांच्या प्लगमधील लांब आणि जाड पिन भूसंपर्काची असते. परंतु भिंतीतील छिद्रामागे ती तार प्रत्यक्ष जमिनीपर्यंत गेलेली नसल्यास पिनेचा उपयोग होत नाही. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी बसवल्यास गळती होताच वीजपुरवठा खंडित होतो. तारांना हात लावताच मुंग्या येत असल्यास वाजवणे तत्काळ थांबवावे, हातांनी कशालाही स्पर्श न करता बाजूला व्हावे आणि मुख्य स्विच बंद करावा.

निर्वात नलिकांच्या ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांमध्ये तो काही काळ टिकून राहतो. वेगळा प्रवेश करून घेण्यासाठी असा ॲम्प स्वतः उघडू नये.

श्रवणाची काळजी हा सुरक्षिततेचाच भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो; दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. लहान खोलीत १० ते १५ वॅटचा सराव ॲम्पही ही मर्यादा सहज ओलांडतो. गिटार आणि संगीत एकाच पेटीतून येत असताना एकाला वर आणण्यासाठी दोन्ही आळीपाळीने वाढवले जातात आणि एकूण पातळी नकळत चढते. अशा वेळी एक वाढवण्याऐवजी दुसरे कमी करावे.

नेहमी आढळणाऱ्या अडचणी

• गाण्यातील काही वाद्येच ऐकू येतात: उजव्या वाहिनीचे लघुमंडल झाले आहे. रोधक असलेली केबल वापरावी किंवा फोनमध्ये ‘मोनो’ पर्याय निवडावा.
• गायकाचा आवाज नाहीसा होऊन संगीत पोकळ वाटते: बहुधा प्लग पूर्ण बसलेला नाही किंवा सामाईक तार तुटलेली आहे. दोन्ही वाहिन्यांत समान असलेला भाग अशा वेळी वजा होतो.
• कमी आवाजातही संगीत फाटते: पूर्ववर्धक ओसंडत आहे. संगीतयंत्राचा आवाज व ॲम्पचा ‘गेन’ कमी करावा.
• संगीत फार बारीक ऐकू येते व सोबत सूं असा आवाज असतो: संगीतयंत्राचा आवाज फार कमी ठेवून ॲम्पचा फार वाढवला आहे. प्रमाण उलटे करावे.
• ‘रिटर्न’मध्ये जोडल्यावर गिटार बंद पडते: लूप एकसर प्रकारची आहे. छोटा मिक्सर वापरावा.
• चार्जर लावल्यावर गुणगुण येते: बॅटरीवर चालवावे किंवा आयसोलेटर घालावा.

पर्याय

ऑक्स प्रवेश नसलेल्या ॲम्पबरोबर सराव करण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे संगीत वेगळ्या स्पीकरवर वाजवणे. साधा संगणकीय किंवा ब्लूटूथ स्पीकरही गिटार ॲम्पपेक्षा गाण्याला अधिक न्याय देतो आणि दोन आवाज दोन दिशांनी आल्याने वादकाला स्वतःची गिटार वेगळी ओळखता येते. छोटा मिक्सर घेतल्यास संगीतयंत्राच्या दोन्ही वाहिन्या त्यात सुरक्षितपणे एकत्र होतात व प्रत्येक स्रोताची पातळी स्वतंत्र राखता येते. कीबोर्डसाठी बनवलेले ॲम्प पूर्ण स्वरपट्टा देतात. त्यांतून संगीत चांगले ऐकू येते, परंतु गिटारचा परिचित नादगुण मिळत नाही. रात्रीच्या सरावासाठी ऑक्स प्रवेश असलेला हेडफोन ॲम्प सोयीचा ठरतो.

हेही पहा

• विद्युत् गिटार
• विवर्धक
• ध्वनिमुद्रण
• वॉकमन
• तानपुरा
• भूसंपर्कन